तिथीचा मासा

कू थेमान गाडी शिकवता शिकवता झोपला, ही बातमी कोरियातल्या तेगू शहराच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधीच सगळ्यांना कळली.

स्टिअरिंगवर होत्या एक पन्नाशीच्या बाई, पडदे शिवून देणाऱ्या. नदीकाठचा सरळ रस्ता होता. "सर, डावीकडे वळू का?" बाईंनी विचारलं. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं, तर शेजारून घोरण्याचा आवाज आला. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, कारण शिकणाऱ्याचा भरवसा नसतो. इथे उलटंच झालं होतं. बाईंनी जीव मुठीत धरून गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच घट्ट ठेवून बसून राहिल्या. थेमान जागा झाला तेव्हा त्या समोर बघत हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्हाला उठवावं की नाही तेच कळेना."

त्यांनी तक्रार केली नाही. पण दुसऱ्या सकाळी त्यांनी दुसरा शिक्षक मागून घेतला, आणि कारण सांगावंच लागलं.

स्कूलचा मालक वयाने थेमानपेक्षा लहान. त्याने दार लावून घेतलं, कॉफीचा कागदी पेला पुढे सरकवला आणि म्हणाला, "दादा, हे पहिल्यांदा नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्हाला काढत नाही मी. पण झोप नीट लागायला लागेपर्यंत येऊ नका. गाडीत दोन जीव असतात."

साठी उलटलेल्या थेमानने मान खाली घातली. "रात्री झोपच येत नाही रे," तो म्हणाला.

हे खोटं नव्हतं. पण झोप का येत नाही, ते त्याला पक्कं ठाऊक होतं आणि ते तो कुणालाही सांगणार नव्हता.

गेल्या वसंतात त्याची तपासणी झाली. साखर वाढलेली, यकृतावर चरबी, पोट तर दिसतच होतं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळचं खाणं कमी करा. त्याच्या बायकोने, जोंगनिमने, हे वाक्य देवाची आज्ञा मानलं. त्या दिवसापासून सहा वाजता ताट यायचं: छोटी वाटी बार्लीचा भात, टोफूचे दोन तुकडे, वाफवलेल्या कोबीची पानं, पाण्यासारखं सार. ती स्वतःही तेवढंच खायची. वर शेजारणींना सांगायची, "आमच्या घरातलं माणूस बघा, तोंडातून एक शब्द काढत नाही. ठेवलं ते खातो."

तो शब्द काढत नसे हे खरं होतं. नऊच्या सुमारास त्याला कडकडून भूक लागायची. जोंगनिम लवकर झोपणारी. ती झोपली की तो खाली उतरायचा. आमच्या तेगूत रात्री उपाशी राहायचं म्हटलं तरी कुणी राहू देत नाही. कोपऱ्यावर तळलेली कोंबडी, त्याच्या पलीकडे डुकराचे शिजवलेले पाय, लाल तिखटात बुडवलेले तांदळाचे लांब गोळे, आणि रात्रभर उघड्या दुकानात उकळत्या पाण्याची वाट बघणारे नूडल्सचे पेले. थेमान ते सगळं आपल्या गाडीत नेऊन खायचा. काचा वर, दिवा बंद, मांडीवर वर्तमानपत्र. मग हाडं आणि डबे दुसऱ्या इमारतीच्या कचऱ्यात टाकायचा. स्वतःच्या इमारतीत टाकले तर पहारेकरी ओळखेल.

वर येऊन आडवा झाला की छातीत जाळ पेटायचा. घशाशी आंबट यायचं. या कुशीवरून त्या कुशीवर, मग भिंतीला टेकून, मग बसूनच. पहाटे पाखरं बोलायला लागली की डोळा लागायचा, तो लागतो न लागतो तोच जोंगनिमची उठायची वेळ. दिवसभर डोक्यात ओली माती भरल्यासारखं वाटायचं. रोज सकाळी तो स्वतःला सांगायचा, आज नाही. रोज रात्री त्याचे पाय आपसूक चपला शोधायचे.

वजन उतरेना, तेव्हा जोंगनिमने वजनाचा काटाच बिघडलाय म्हणून नवा आणला.

नोकरीवरून घरी बसवल्याचं कळल्यावर ती रडली नाही, चिडली नाही. "आजारच आहे हा," ती म्हणाली. "झोपेचा आजार. अंगात आहे नि दिसत नाही." तिने उकळलेल्या जुजुबांचा, म्हणजे लाल सुक्या बोरांचा, काढा सुरू केला. उशीत कसल्या बिया भरल्या. आणि एका पहाटे ती फालगोंग डोंगरावर गेली. तिथे माथ्यावर दगडी बुद्ध आहे, तो एक तरी मागणं पुरं करतो म्हणतात. वाट म्हणजे नुसत्या पायऱ्या. जोंगनिमचे गुडघे कधीच कामातून गेलेले, डॉक्टरांनी तिला जिनाही चढू नको म्हणून सांगितलेलं. तिने वर जाऊन एकशे आठ वेळा लोटांगण घातलं.

संध्याकाळी ती जमिनीवर पाय पसरून बसली होती आणि दोन्ही गुडघ्यांवर औषधाच्या पट्ट्या चिकटवत होती. खोलीभर कापराचा वास.

"काय मागितलंस?" थेमानने विचारलं.

"दुसरं काय मागणार? याला झोप दे म्हटलं. मी म्हटलं, हा माणूस इतकं पथ्य पाळतो, जिभेवर इतका ताबा ठेवतो, त्याचं काहीतरी फळ दे की त्याला."

थेमान उठून न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला. आता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. त्याने तोंड धुतलं, बाहेर आला, आणि तिच्या पाठीमागे बसून तिचे खांदे चेपायला लागला. "नको हो, तुम्हीच दमलेले असता," ती म्हणाली. त्या रात्रीसुद्धा तो खाली उतरला.

त्यांची एकुलती मुलगी बोराम. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. नवरा उलसानला कारखान्यात, शनिवार-रविवार घरी यायचा. बोरामला सातवा महिना, म्हणून ती सासरी छोंगदोच्या गावी राहत होती. सासरची पर्सिमनच्या फळांची बाग. तिच्या सासूबाई, पार्क दोकसुन, शिडीवरून पडून मनगट मोडून बसल्या होत्या, आणि नेमके वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचे दिवस आलेले. त्यांनी जोंगनिमला फोन केला.

"विहीणबाई, लाज सोडून बोलते. कोबीचा ढीग अंगणात पडलाय, सून अशी अवघडलेली, माझा हात गळ्यात. तुम्ही याल का? आणि व्याहीबुवांनाही आणा. बोराम सांगत होती त्यांच्या झोपेचं. आमच्या डोंगरातली हवा खाऊन बघा म्हणावं दोन दिवस. इथे मेलेला माणूस सोडा, जिवंत माणूससुद्धा गाढ झोपतो."

जोंगनिम घुटमळली. व्याह्यांचं घर आणि संडास, दोन्ही लांब असलेली बरी, असं आमच्याकडे म्हणतातच. पण मुलीसाठी ती तयार झाली. थेमान नको नको म्हणत होता. त्याला भीती होती ती रात्रीची. गावात कोपऱ्यावर काही मिळत नाही.

छोंगदोला सगळ्यांनी त्याला आजाऱ्यासारखं वागवलं. व्याही पे सांगदो, अबोल, उंच माणूस, त्यांनी त्याच्या हातातून पिशवी काढून घेतली. "तुम्ही बसा." कोबी चिरायला तो पुढे झाला तर विहीणबाई ओरडल्या, "अहो, त्यांना काय करायला लावताय! ओसरीवर उन्हात बसवा." बोरामने त्याच्या पाठीशी उशी दिली. घरात सांगदोंची आई होती, नव्वदीची, पाठ पार वाकलेली. तिला काल-आज उरलं नव्हतं. दिसेल ते खिशात घालायची, दिसेल ते तोंडात टाकायची. भाताचं भांडं तिच्यापासून वर ठेवावं लागायचं. ती थेमानच्या शेजारी येऊन बसली आणि त्याच्याकडे निरखून बघत म्हणाली, "तू कुणाचा रे?"

"मी बोरामचा बाप, आजी."

"असं होय," ती म्हणाली आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "तू कुणाचा रे?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगदोंच्या वडिलांची तिथी होती. दोकसुनबाईंनी फोनवर ते सांगितलं नव्हतं. दुसऱ्या घरच्या तिथीला सोयऱ्यांनी जायचं नसतं, सांगितलं असतं तर जोंगनिम आलीच नसती. आता आली होती तर तिने किमचीच्या जोडीला तोही स्वयंपाक हातात घेतला. विहीणबाई बसल्या जागेवरून सांगत होत्या, बोराम पिठात बुडवून देत होती, जोंगनिम तळत होती. माशाचे काप, टोफूचे काप, काठीला ओवलेलं गोमांस. तिथीच्या पानाला लाल मिरची नाही, लसूण नाही. शेवटी डोकं-शेपटी शाबूत असलेले तीन पिवळे मासे वाफवून निघाले. दुसऱ्या दिवशी किमचीचा पसारा असणार, म्हणून हे सगळं आदल्या दिवशीच उरकलं होतं. परातींवर पांढरा कागद पसरून मागच्या थंड खोलीत ठेवलं. पितरांच्या आधी त्याला कुणी बोटही लावत नाही. पोरंसुद्धा लावत नाहीत.

रात्रीच्या जेवणाला ताजी किमची आणि उकडलेलं डुकराचं मांस होतं. सगळे दिवसभर राबलेले, सगळ्यांनी बाह्या सरसावल्या. दोकसुनबाई थेमानला वाढायला लागल्या तेव्हा जोंगनिमने त्यांचा हात धरला.

"नको विहीणबाई. हे रात्री खात नाहीत. एवढासा भात पुरे त्यांना."

"अहो, इतकंसं? मांजर तरी जास्त खातं!"

"सहा महिने झाले," जोंगनिम म्हणाली, आणि तिच्या आवाजात अभिमान होता. "मी देते तेवढंच. कधी अजून द्या म्हणाले नाहीत."

सांगदो पहिल्यांदाच थेमानकडे नीट बघत म्हणाले, "मला नाही जमायचं बुवा." त्यांनी त्याच्यासाठी पेल्यात बार्लीचा चहा ओतला, दोन्ही हातांनी, मोठ्या माणसाला द्यावा तसा. थेमानने तो घेतला. डोळे वर करायची त्याला हिंमत झाली नाही.

जोंगनिम मुलीच्या खोलीत झोपायला गेली. थेमानला दिलेली खोली मागच्या थंड खोलीला लागून होती.

सकाळी त्याला जाग आली ती दोकसुनबाईंच्या आवाजाने. रात्र नेहमीसारखीच गेली होती, छातीत जाळ, तोंडात आंबट चव. उजाडता उजाडता कुठे डोळा लागला होता. आवाज मागच्या खोलीतून येत होता.

"सासूबाई, किती वेळा सांगायचं? दाराला कडी घातली होती मी! आजच्या दिवशी तरी! तुमच्याच नवऱ्याची तिथी आहे ना? त्यांच्या पुढ्यात आता काय ठेवू, उष्टं?"

थेमान दारात आला. एका परातीवरचा कागद बाजूला झालेला. माशांच्या कापांच्या रांगेत खिंडार पडलेलं. आणि तीन माशांपैकी मधला नव्हताच. जागेवर फक्त शेपटी आणि तेलाचा डाग. म्हातारी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या मुठीत तिथीच्या परातीतलं एक जुजुब होतं, ते दोकसुनबाईंनी तिची बोटं उघडून काढून घेतलं. म्हातारीच्या खिशातही दोन निघाली.

"बघा! आणि काय काय खाल्लंत?"

म्हातारीने परातीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. "मीच खाल्लं असेल," ती म्हणाली. "मीच असेन. आठवत नाही गं. रागवू नकोस."

सांगदो मागून आले होते. त्यांनी आईकडे बघितलं आणि मान फिरवली. बोराम पोटावर हात ठेवून उभी होती. जोंगनिम म्हणाली, "जाऊ दे विहीणबाई, वय झालंय त्यांचं. मी करते पुन्हा."

थेमान म्हणाला, "तो मासा मी खाल्ला."

सगळ्यांनी वळून बघितलं.

"आजींना बोलू नका. रात्री मी खाल्ला."

मग सांगदोंच्या चेहऱ्यावरचे भाव सैल झाले. "व्याहीबुवा," ते हळू म्हणाले, "तुमचं मन मोठं आहे. पण आईसाठी तुम्ही आळ घ्यायची गरज नाही. आम्हाला सवय आहे."

"नाही हो. खरंच मी..."

"काहीतरीच काय!" जोंगनिम मध्येच म्हणाली. ती हसलीसुद्धा, कौतुकाने. "विहीणबाई, यांच्यावर विश्वास ठेवू नका. संध्याकाळनंतर पाण्याशिवाय काही घेत नाहीत हे. असेच आहेत आधीपासून, दुसऱ्याला बोललेलं बघवत नाही."

दोकसुनबाईंचे डोळे भरून आले. "बघा," त्या म्हणाल्या, "व्याही असावा तर असा."

थेमानला तिथून सुटता आलं असतं. सगळ्यांनी मिळून त्याला दार उघडून दिलं होतं. तो उभा राहिला. म्हातारी खाली बघून "मीच असेन, मीच असेन" असं पुटपुटत होती.

तो खोलीत गेला, खुंटीवरचं आपलं जाकीट घेऊन आला आणि खिशातून कागदी रुमालाची पुरचुंडी काढली. ती त्याने जमिनीवर ठेवून उलगडली. आत माशाचं डोकं होतं, कणा होता, आणि मांस लावलं होतं त्या दोन काठ्या.

"सकाळी लांब कुठेतरी टाकणार होतो," तो म्हणाला. "घरीही असंच करतो."

मग त्याला सगळंच सांगावं लागलं, कारण नुसत्या माशाचा अर्थ कुणाला लागेना. तो जमिनीकडे बघून बोलत गेला. गाडीत बसून खातो ते. दुसऱ्या इमारतीचा कचरा. कोंबडी, नूडल्स. झोपेचा काही आजार नाही. रात्री तडस लागेपर्यंत खाऊन आडवा होतो म्हणून झोप लागत नाही, आणि झोप नाही म्हणून दिवसा डोळा लागतो. "काल जेवताना वासाने जीव कासावीस झाला होता," तो म्हणाला. "रात्री मी फक्त एक काप घेणार होतो."

जोंगनिम त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्या हाडांकडे बघत होती. मग ती खाली वाकली, गुडघ्यांमुळे तिला भिंत धरावी लागली, तिने पुरचुंडी गुंडाळली आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने अंडी फेटल्याचा आवाज यायला लागला.

सांगदो दाराकडे वळले. बूट घातले, गाडीची किल्ली घेतली. थेमान त्यांच्या मागे धावला. "मी येतो. मी आणतो मासा."

"नको," सांगदो म्हणाले. "तुम्ही बसा." शब्द कालचेच होते.

दोकसुनबाईंनी एका हाताने सासूला जमिनीवर बसवलं आणि स्वतः तिच्यापुढे गुडघे टेकले. "आई, चुकलं माझं. भलतंच बोलले."

"काय चुकलं?" म्हातारी म्हणाली. ती विसरूनही गेली होती. तिचं लक्ष थेमानकडे होतं. तो अंगणाच्या पायरीवर पाठ करून बसला होता. ती भिंत धरत धरत त्याच्यापाशी आली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तुला रात्री भूक लागली होती का रे, बाळा?"

थेमानने होकारार्थी मान हलवली.

"मग मला उठवायचं नाहीस का?"

तो साठी उलटलेला माणूस व्याह्यांच्या अंगणात तोंडावर हात घेऊन रडला. आतून सगळे ऐकत होते हे त्याला कळत होतं.

सांगदो परत आले ते नवा मासा आणि चेस्टनटची पिशवी घेऊन. तिथीचे चेस्टनट पुरुषांनी सोलायचे असतात, आणि बोरामचा नवरा संध्याकाळशिवाय येणार नव्हता. त्यांनी पिशवी आणि सुरी थेमानपुढे ठेवली. "सोला," ते म्हणाले, आणि स्वतः समोर बसून सोलायला लागले. दोघं दुपारपर्यंत सोलत होते. एकदाच सांगदो बोलले. "बाजूंना सपाट पाहिजेत, नाहीतर रचताना घरंगळतात." थेमानचा अंगठा कापला. त्याने तो तोंडात धरला आणि सोलत राहिला.

पूजेपर्यंत थांबायचा प्रश्नच नव्हता. जोंगनिमने सगळं पुन्हा तळून, पुन्हा झाकून ठेवलं, कोबीची शेवटची पिंपंही भरून दिली, आणि उन्हं उतरायच्या आत निघाली. फाटकापाशी बोराम आली. आईशी बोलली. मग बापापाशी आली.

"बाबा, मला या घरात राहायचंय," ती म्हणाली. "दर वर्षी ही तिथी येणार. दर वर्षी मी हाच मासा वाफवणार."

"हो बाळा."

"सासऱ्यांची बहीण, आत्याबाई, आज संध्याकाळी येणार. दोन मासे कालचे आणि एक आजचा का, विचारणार."

"सांग मी खाल्ला म्हणून."

"सांगायला माझी जीभ रेटायला नको का?" ती म्हणाली आणि आत गेली.

रस्ता डोंगरातून उतरत होता. जोंगनिम खिडकीतून बाहेर बघत होती. बऱ्याच वेळाने तिने पहिला प्रश्न विचारला, तोही त्याच्याकडे न बघता.

"झोप येतेय का?"

त्याचे डोळे खरोखरच मिटत होते. "थोडी."

"गाडी कडेला घ्या. झोपा. मी जागी आहे."

त्याने गाडी एका बंद फळांच्या टपरीपुढे लावली. इतक्या लाजेतही त्याला झोप लागली, आणि जाग आली तेव्हा जोंगनिमचा कोट त्याच्या अंगावर होता आणि ती तशीच समोर बघत बसली होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तू वाटी बदललीस तेव्हापासून."

"मी डोंगरावर गेले त्या रात्री?"

त्याने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. "त्या रात्रीही."

तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मी त्या बुद्धाला तुमच्या जिभेचं कौतुक सांगत होते," ती म्हणाली. "एकशे आठ वेळा. त्याला दिसत होतंच की सगळं. काय म्हणाला असेल तो मला?" आणि मग एकदम चिडून, रडवेली होऊन, "भूक लागते एवढं बोलायला काय झालं होतं हो? मी काय वैरीण होते? मला म्हणायचं, बाई, मला भूक लागते!"

"तू सगळ्यांना सांगायचीस," थेमान म्हणाला. "की हा माणूस शब्द काढत नाही. तुला इतकं बरं वाटायचं ते सांगताना. मग मला बोलताच येईना."

गाडी चालू झाली. तेगूचे दिवे दिसायला लागले तेव्हा ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मलाही भूक लागायची. मी पाणी पिऊन झोपायचे." आणि तिचे कान लाल झाले होते.

दोन आठवडे ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. पण दुसऱ्याच दिवशी तिने छोटी वाटी कपाटात वर ठेवून दिली. सातच्या सुमारास ताट यायला लागलं: पोटभर बार्लीचा भात, भाजलेला मासा, सोयाबीनचं दाट सार, भाज्या. दोघांना सारखंच. डॉक्टरांकडे ती त्याला घेऊन गेली आणि म्हणाली, "यांना विचारा काय खातात ते. मला विचारू नका." थेमानला तिथेही सगळं परत सांगावं लागलं. डॉक्टर तरुण होता, तो हसला नाही, पण त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, अर्धपोटी राहून रात्री दुप्पट खाण्यापेक्षा संध्याकाळी पुरेसं खा, आणि त्यानंतर झोपेपर्यंत तीनेक तास पोटाला विसावा द्या.

सांगायला सोपं होतं. पोट भरलेलं असूनही अकराच्या सुमारास थेमानचे पाय चपला शोधायचेच. तो दारापाशी जाऊन उभा राहायचा. जोंगनिम उठायची, दिवा लावून कोमट चहा करायची आणि दोघं टेबलापाशी बसायचे. त्याला त्या चहापेक्षा तिच्या सुजलेल्या डोळ्यांची जास्त लाज वाटायची. असं पुष्कळ दिवस चाललं. दोनदा तो तरीही खाली गेला, पण वर येऊन तिला उठवून सांगितलं. थंडी सरता सरता एका सकाळी त्याला जाग आली तर खोलीत ऊन होतं, आणि जोंगनिम दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती, कधीपासून कोण जाणे.

स्कूलच्या मालकाने त्याला परत घेतलं, आधी फक्त मैदानात, खांबांमधून गाडी काढायला शिकवण्यासाठी.

बोरामला मुलगी झाली. तिच्या शंभराव्या दिवसाचं जेवण छोंगदोला ठरलं, तेव्हा फोन जोंगनिमला आला. दोकसुनबाई सगळं सांगून झाल्यावर जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "व्याहीबुवांनाही आणा."

"मी नाही येत," थेमान म्हणाला.

"मग नातीला काय सांगू? आजोबाला लाज वाटते म्हणून?" जोंगनिम म्हणाली. "लाज वाटतेय ना? वाटू द्या. घेऊन चला त्या लाजेलाही सोबत."

बरीच माणसं जमली होती. थेमान पंगतीच्या टोकाला बसला, कुणाच्या नजरेला नजर न देता. पुढ्यात आलं ते खाल्लं. सांगदोंचा एक चुलतभाऊ दोन पेले सोजू रिचवून रंगात आला होता. त्याने थेमानकडे बोट करून मोठ्याने विचारलं, "काय हो, तिथीचा मासा खाणारे व्याही ते हेच का?"

कुणीतरी हसू दाबलं. बोरामने मांडीवरच्या मुलीची टोपी उगाचच नीट केली. सांगदोंनी पेला खाली ठेवला आणि भावाकडे बघितलं.

थेमानच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्याने चमचा ठेवला, तोंड पुसलं.

"हो," तो म्हणाला. "तोच मी."

चुलतभावाने भाताची वाटी जवळ ओढली. पलीकडून सांगदोंनी भाजीची ताटली उचलली आणि एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देत देत ती थेमानपर्यंत पोचवायला लावली.